खडपावरचे जीव आणि ‘भारतातली पहिली नोंद’: ओळख, नमुना, वर्णन

खडपी

पावसाळा सरून पाणी निवळलं की दरवर्षी तेच सुरू होतं. मालवण, देवगड, हर्णै, कुठलं तरी खडप (किनाऱ्यावरचा खडकाळ पट्टा), ओहोटीत टिपलेला एखाद्या रंगीत सी स्लगचा (मऊ अंगाच्या समुद्री गोगलगायीचा) फोटो आणि खाली प्रश्न: “भारतातली पहिली नोंद का?” बहुतेकदा उत्तर देता येत नाही. फोटो वरून काढलेला एकच, माप नाही, पोटाकडची बाजू नाही, आणि जीव पुन्हा डबक्यात सोडलेला. म्हणून हा धागा.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. ‘नवी प्रजाती’ म्हणजे विज्ञानात जिला अजून नावच नाही ती. ‘देशातली पहिली नोंद’ म्हणजे नाव आहे, वर्णन दुसऱ्या कुठल्या समुद्रातून झालेलं आहे, आणि भारताच्या हद्दीतून आजवर कुणी छापलेलं नाही. वर्तमानपत्रं दोन्हीला ‘नव्या प्रजातीचा शोध’ म्हणतात. त्यांना माफ करू, पण आपण इथे ते करायला नको. दुसरा प्रकार सोपा वाटतो, पण आधी कुणी लिहिलेलं नाही हे त्यात सिद्ध करावं लागतं. त्यामुळे अर्धं काम खडपावर आणि अर्धं जुन्या कागदांत.

खडपावरचं काम असं. उधाणाची ओहोटी पकडायची. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस पाणी सगळ्यात खाली जातं. भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या मंद भरती-ओहोटीला) जाऊन फायदा नाही, खालचा पट्टा उघडाच पडत नाही. मुंबईला उधाणात भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटर, मालवणला दोनच्या आसपास. त्यामुळे सिंधुदुर्गात हाती लागणारी पट्टी अरुंद आणि वेळही थोडा. तक्त्यातल्या सगळ्यात कमी पाण्याच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी वळलं की काठ गाठायचा. उलटलेला दगड होता तसा परत ठेवायचा, नाहीतर खालच्या बाजूचे स्पंज आणि अंडी उन्हात मरतात.

सी स्लग दिसली की लगेच उचलू नका. ती कशावर बसली आहे ते आधी टिपा. डोरिड गटातल्या बहुतेक स्पंज खातात, एओलिड गटातल्या हायड्रॉइड (झुडपासारखे दिसणारे बारके डंखधारी जीव) खातात, सॅकोग्लॉसन गटातल्या शेवाळातला रस शोषतात. खाद्याचा तुकडा वेगळ्या डबीत घ्या. जवळ अंड्यांची फीत असेल तर तिचाही फोटो. मग जीव त्याच डबक्यातल्या पाण्यासकट पांढऱ्या ट्रेमध्ये. फोटो वरून, दोन्ही बाजूंनी, डोक्याकडून, आणि काचेच्या बशीत ठेवून खालून पायाचा. प्रत्येकात मोजपट्टी. एकदा काळ्या तळावरही काढा, पारदर्शक कडा पांढऱ्यावर हरवतात. अल्कोहोलमध्ये रंग काही तासांपासून काही दिवसांत उडतो. त्यामुळे जिवंतपणीचा रंग तिथेच, फोटो समोर असला तरी शब्दांत लिहायचा. ‘पिवळसर ठिपके’ असं मोघम नको. ठिपका कडेला चिकटलेला आहे की आत, त्याला वलय आहे का, रायनोफोरच्या (डोक्यावरच्या दोन शिंगांच्या) टोकाला रंग कोणता आणि बुडाला कोणता, हे लिहा.

गुहागरकर

चांगला धागा. पण नमुना गोळा करायलाच हवा का? फोटो, जीपीएस आणि तारीख यावर नोंद का होऊ नये? पक्ष्यांच्या नोंदी तर फोटोवरच होतात.

खडपी

पक्ष्यांचं वेगळं, तिथे पिसांवरून जात ठरते आणि भारतातल्या पक्ष्यांचे संग्रह दीडशे वर्षं जुने आहेत. सी स्लगमध्ये बाहेरून हुबेहूब आणि आतून वेगळे असे गट कितीतरी आहेत. टेरिओलिडिया घ्या, निळसर-तपकिरी, लांबलचक, पाठभर सेराटांचे (बोटांसारख्या मऊ उंचवट्यांचे) झुबके. हिंद-प्रशांत भागात सगळीकडची ‘टेरिओलिडिया इयांथिना’ म्हणूनच नोंदली जायची. २०१५ मध्ये तिची फोड झाली. इयांथिना हे नाव ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यापुरतं उरलं आणि उष्ण पाण्यातल्या बाकीच्यांना सेम्पेरी हे जुनं नाव परत मिळालं. आता ज्या जुन्या नोंदीला नमुना आहे ती तपासता येते. फोटोवरच्या नोंदीत अंदाजच करायचा. फोटो निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. फोटोवरून पुन्हा कुठे शोधायचं ते कळतं, तेवढं काम तो चोख करतो.

एकच जीव दिसला आणि तो उचलायला मन धजत नसेल तर निदान पायाच्या शेपटाकडच्या टोकाचा दोन मिलिमीटर तुकडा घ्या. पण अशी नोंद ‘बहुधा अमुक’ एवढ्यावरच थांबेल हे मान्य करून.

लेबलकाका

नमुना टिकवण्यात सगळ्यात जास्त माती होते, म्हणून ते सविस्तर लिहितो.

जिवंत सी स्लग थेट फॉर्मलिनमध्ये टाकली की गोळा होते, रायनोफोर आणि पिच्छासारखे कल्ले आत ओढून घेते. मग वर्णनात ‘कल्ले नाहीत’ असं लिहिलं जातं आणि पुढचा सगळा तुलनेचा डोलारा चुकीच्या पायावर उभा राहतो. आधी तिला सैल करायचं. मॅग्नेशियम क्लोराइड ७५ ग्रॅम एक लिटर गोड्या पाण्यात. हे द्रावण खारटपणाला समुद्राच्या पाण्याच्या बरोबरीचं होतं, म्हणून जीव फुगत-आकसत नाही. जीव थोड्या समुद्राच्या पाण्यात ठेवून हे द्रावण थोडं थोडं घालत निम्मं-निम्मं करा. वीस ते चाळीस मिनिटं. सुईने रायनोफोरला स्पर्श केल्यावर काहीच हालचाल नाही, की झालं.

मग आधी डीएनएसाठी तुकडा. पायाच्या कडेचा घ्या. एओलिडच्या सेराटाचा घेऊ नका, त्यात पाचकग्रंथीच्या फांद्या आणि खाल्लेल्या हायड्रॉइडचे अवशेष असतात. मग डीएनएच्या क्रमवारीत (अक्षरांच्या ओळीत) हायड्रॉइड येतो आणि लोक चक्रावतात. तुकडा ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये, अल्कोहोल ऊतीच्या निदान दहापट. चोवीस तासांनी अल्कोहोल बदला, कारण शरीरातल्या पाण्याने ते पातळ झालेलं असतं. रंगकामाच्या दुकानातलं स्पिरिट चालत नाही, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. शुद्ध इथेनॉलला आपल्याकडे उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, म्हणून जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाशी जोडून घेतलेलं बरं.

उरलेलं शरीर फॉर्मलिनमध्ये. बाजारातलं फॉर्मलिन म्हणजे ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड. त्याचा एक भाग आणि समुद्राच्या पाण्याचे नऊ भाग, म्हणजे ‘१० टक्के फॉर्मलिन’, म्हणजेच जवळपास ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. हे दोन आकडे गोंधळून लोक ‘४ टक्के फॉर्मलिन’ बनवतात. त्यात फॉर्माल्डिहाइड दीड टक्काच उरतं आणि नमुना आतून सडतो. २४ ते ४८ तासांनी पाण्यात धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये. ९५ चं ७० करायचं तर ७० मिली घ्या आणि डिस्टिल्ड वॉटर घालून ९५ मिली करा, गणित नको. अंगात चुन्याच्या काड्या किंवा पातळ शिंपला असेल तर फॉर्मलिनमध्ये चिमूटभर बोरॅक्स, नाहीतर आम्लाने ते विरघळतात. हातमोजे, उघडी हवा, आणि हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर नाही.

शिंपलेवाली

लेबलकाका, एक पुरवणी. ७५ ग्रॅम हे सहा रेणू पाणी असलेल्या स्फटिकांचं माप. बाटलीवर ‘अनहायड्रस’ लिहिलं असेल तर साधारण ३५ ग्रॅमच. शिवाय ते विरघळताना पाणी चांगलंच तापतं, थंड होऊ द्या. अनहायड्रस ७५ ग्रॅम घातलं तर द्रावण दुपटीहून तीव्र होतं आणि जीव सैल न होता आकसून मरतो.

लेबलकाका

बरोबर. मूळ प्रतिसादात हे लिहायला हवं होतं.

लेबलबद्दल. कागद जाड, सुती. लिहिणं पेन्सिलने किंवा चायना इंकने. बॉलपेन अल्कोहोलमध्ये पसरतं. लेझर प्रिंटची अक्षरं काही महिन्यांत तळाशी गळून पडतात, तेही टाळा. लेबल बाटलीच्या आत. बाहेरचं लेबल म्हणजे झुरळांचा खाऊ. मजकूर: गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत, तारीख (महिना रोमन आकड्यात, म्हणजे ३/४ की ४/३ हा वाद नको), भरतीरेषेपासूनचा पट्टा किंवा खोली, कशावर सापडला, गोळा करणाऱ्याचं नाव, क्षेत्र क्रमांक (गोळा करताना तुम्हीच दिलेला). तोच क्रमांक फोटोच्या फाइलला आणि डीएनएच्या कुपीला. कोकणात एकाच नावाच्या तीन वाड्या निघतात, नुसतं ‘भंडारवाडी’ लिहून पुढच्या माणसाला काही सापडणार नाही.

तांडेल_बुवा

जेटीवर मिळणाऱ्या माशांबद्दल लिहायला हवं, कारण ‘पहिली नोंद’ म्हणून माशांचेच पेपर जास्त येतात.

मिरकरवाडा जेटीवर उतरलेला मासा रत्नागिरीचा असेलच असं नाही. ट्रॉलर आठ-दहा दिवस बाहेर असतो, खाली गोव्याच्या समोर किंवा वर गुजरातेकडेही जातो. पेपरात ‘स्थळ: मिरकरवाडा’ लिहिलं की वाचणारा मासा तिथल्या पाण्यातला धरतो. तांडेलला (बोट चालवणाऱ्या म्होरक्याला) विचारा. जीपीएसवर पॉइंट असतो, खोली तो वावांत सांगेल, एक वाव म्हणजे १.८३ मीटर. कुठल्या जाळ्यात आला तेही लिहा. तळावरून ओढलेल्या ट्रॉल जाळ्यातला आणि वरच्या पाण्यातल्या थव्याला वेढणाऱ्या पर्ससीनमधला यात फार फरक. पॉइंट नसेल तर ‘उतरवण्याचं ठिकाण’ असं स्पष्ट लिहा, ‘आढळस्थान’ म्हणू नका.

आणखी एक, १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. त्या तारखांचा ट्रॉलरचा नमुना तुमच्या यादीत दिसला तर परीक्षक (नियतकालिकासाठी पेपर तपासणारा) पहिला तोच धरतो.

माशाचा फोटो डाव्या बाजूचा, पंख टाचण्यांनी उघडून त्यांच्यावर ब्रशने फॉर्मलिन लावून पाच-दहा मिनिटं ताठ होऊ द्यायचे, मग फोटो. ऊतीचा तुकडा उजव्या बाजूचा, म्हणजे डावी बाजू अभंग राहते. पंखांतले काटे आणि मऊ किरणं वेगवेगळी मोजायची, बाजूच्या रेषेवरचे खवले, पहिल्या कल्ल्याच्या कमानीवरचे दात. बर्फातल्या माशाचा रंग हा जिवंत रंग नव्हे, हेही लिहायचं.

कुर्ली

खेकड्यांसाठी दोनच ओळी. जिवंत खेकडा फॉर्मलिनमध्ये टाकला की पाय झाडून मोकळा होतो. आधी अर्धा तास फ्रीझरमध्ये. आणि नर हवा. बहुतेक गटांत प्रजाती नराच्या पहिल्या जननपादाच्या टोकाच्या आकारावरून ठरते. नुसती मादी किंवा पिल्लं हातात असतील तर वंशापर्यंत थांबा. कवचाची रुंदी आणि लांबी व्हर्नियरने ०.१ मिमीपर्यंत, रुंदी काट्यांसकट की काट्यांशिवाय ते सांगून.

वेंगुर्ल्याचो_बाबलो

हय खाडीतल्या जेटीच्या दोरांवर बारके काळपट शिणाण्यासारखे शिंपले झुपक्यान लागलेत. नेहमीचे शिणाणे न्हय ते. खाऊक कोण घेणा नाय. एक बोटाच्या पेरापेक्षा बारके. कोणी म्हणता नवीन जात, भारतात पयलीच. कसा ओळखूचा?

शिंपलेवाली

बाबलो, हे घरच्या घरी बऱ्यापैकी ओळखता येतं. पंधरा-वीस शिंपले घ्या, लहान-मोठे मिसळून. उकळत्या पाण्यात मिनिटभर धरा, उघडतील. मांस अल्कोहोलमध्ये ठेवा (दोन-तीन न उकळता आधीच अल्कोहोलमध्ये टाका, उकळलेल्यातून डीएनए नीट निघेल याची खात्री नसते). टरफल जुन्या टूथब्रशने घासून वाळवा. आता टोकाच्या, चोचीसारख्या भागाच्या आतल्या बाजूला भिंगातून बघा.

तिथे आडवी पडदी असेल, छोट्या फळीसारखी, आणि तिच्याजवळ दातासारखा बारीक उंचवटा, तर तो मायटिलॉप्सिस. पडदी नसेल तर तो खऱ्या शिणाण्यांच्या कुळातला. मग पुढचे प्रश्न. टरफलावर चोचीपासून निघणाऱ्या बारीक उठावदार रेषा असतील तर ब्रॅकिडोंटेस आणि त्याचे भाऊबंद. गुळगुळीत असेल आणि कडेला हिरवी झाक, तर आपला नेहमीचा शिणाणा, पेर्ना विरिडिस, लहान असताना तोही फसवतो. मोठ्या पेर्नात पुढच्या टोकाला स्नायूचा ठसा नसतो. पडदी नाही, पुढच्या टोकाला स्नायूचा छोटा ठसा आहे, टरफल गुळगुळीत, काळं ते तपकिरी, कधी नागमोडी नक्षी, तर मायटेला स्ट्रायगाटाचा संशय घ्यायचा.

आता नोंदीचं. मायटिलॉप्सिस सालेई मूळचा कॅरिबियनकडचा, भारतात विशाखापट्टणमला १९६७ मध्येच नोंदला गेला आणि मुंबईच्या गोदीतूनही माहीत आहे. मायटेला स्ट्रायगाटा मध्य-दक्षिण अमेरिकेचा, केरळच्या खाड्या-कायलांतून (किनाऱ्यालगतच्या खाऱ्या-गोड्या तळ्यांतून) नोंदला गेलेला आहे. तिथे लोक त्याला ‘वरत्तन कक्का’, म्हणजे उपरा शिंपला म्हणतात. म्हणजे दोन्हीपैकी काहीही निघालं तरी भारतातली पहिली नोंद नाही. पण तुमच्या खाडीतली पहिली असू शकते, आणि शिणाणे-कालवांचं संवर्धन करणाऱ्यांना देशाच्या नोंदीपेक्षा हीच जास्त कामाची. ऑस्ट्रेलियात डार्विनच्या मरिनात १९९९ मध्ये हाच मायटिलॉप्सिस सापडला, तेव्हा त्यांनी मरिना बंद करून क्लोरीन आणि कॉपर सल्फेट ओतून तो संपवला. ते जमलं कारण लवकर सापडला आणि पाणी बंदिस्त होतं. उघड्या खाडीत असलं काही करू नये, इतर सगळंच मरेल.

वेंगुर्ल्याचो_बाबलो

बघलंय. आत फळी आसा. दात पण दिसता.

शिंपलेवाली

मग मायटिलॉप्सिस. कुठल्या दोरावर, पाण्याच्या किती खाली, बोटी कुठून येतात हे लिहून ठेवा. पावसात पाणी गोडं झाल्यावर टिकतो का तेही बघा. हा जीव खारं-गोडं दोन्ही सोसतो.

खडपी

यातूनच एक मुद्दा. कुठलीही ‘पहिली नोंद’ लिहिताना जवळचं आधीचं ठिकाण कोणतं हे बघा. श्रीलंका, ओमान, लक्षद्वीप असेल तर जीव बहुधा पूर्वीपासून इथेच आहे, शोधणारेच कमी पडले. सगळ्यात जवळचं ठिकाण मेक्सिको असेल आणि सापडला न्हावाशेवा किंवा जयगडसारख्या बंदराजवळ, फक्त जेटीच्या खांबांवर आणि बोयांवर, तर तो बोटीच्या बुडाला चिकटून किंवा बॅलास्टच्या (जहाजाचा तोल राखायला टाक्यांत भरलेल्या) पाण्यातून आला असं धरायला जागा आहे. बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार २००४ चा, अंमल ८ सप्टेंबर २०१७ पासून. पण तो बुडाला चिकटलेल्यांना लागू नाही. नैसर्गिक खडपावरही तो जीव आहे का, हे शोधून ‘नाही’ असलं तरी लिहा.

गुहागरकर

कागदांतलं अर्धं काम कसं करायचं ते अजून आलं नाही.

माखली

ते मी घेते. सगळ्यात मोठा सापळा बदललेल्या नावांचा. उदाहरण आपल्याच किनाऱ्याचं. १९४६ मध्ये विंकवर्थने मुंबईहून ‘ग्लोसोडोरिस बॉम्बेयाना’ वर्णन केली. पुढे ती क्रोमोडोरिसमध्ये गेली. २०१२ मध्ये त्या कुळाची डीएनएवरून फेररचना झाली आणि आता ती गोनिओब्रँकस बॉम्बेयानस. वंश पुल्लिंगी म्हणून शेपूटही बदललं. आजचंच नाव शोधयंत्रात टाकलं तर आधीच्या साठ-पासष्ट वर्षांचं काही हाती लागणार नाही, आणि ‘महाराष्ट्रातून नोंद नाही’ असं लिहून मोकळे व्हाल. म्हणून सागरी प्रजातींच्या जागतिक नोंदवहीतून (वर्म्स) सगळी समनामं (एकाच प्रजातीला मिळालेली वेगवेगळी नावं) काढा, प्रत्येक वंश-प्रजाती जोडी वेगळी शोधा, चुकीच्या स्पेलिंगसकट.

मग जुनं साहित्य. आपल्या बाजूला सी स्लगसाठी केलार्टचं सिलोनवरचं १८५८-५९ मधलं काम, ऑल्डर आणि हॅनकॉक यांचं १८६४ चं (वॉल्टर एलियटने पूर्व किनाऱ्यावर गोळा केलेल्यांवर). शिंपल्यांसाठी मेल्विल आणि अ‍ॅबरक्रॉम्बी यांची मुंबईची १८९३ ची यादी. बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) नियतकालिक १८८६ पासून चालू आहे, त्यात लहान टिपणांत मोठ्या नोंदी दडलेल्या असतात. यातलं पुष्कळसं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट आहे. त्यानंतर झेडएसआयची (भारतीय प्राणी सर्वेक्षणाची) प्रकाशनं, सीएमएफआरआयचे (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे) अहवाल, विद्यापीठांचे प्रबंध. प्रबंधातली नोंद ‘प्रसिद्ध’ धरायची की नाही यावर वाद आहे. माझ्या मते तिचा उल्लेख करायचाच, मग ‘पहिली प्रसिद्ध नोंद’ म्हणा. लपवून ठेवलेली नोंद परीक्षकाला सापडली तर तुमच्या बाकीच्या पेपरवरचाही विश्वास जातो.

‘भारत’ म्हणजे काय हेही बघा. अंदमान आणि लक्षद्वीप भारतातच. तिथे नोंद असेल तर तुमची नोंद ‘मुख्य भूमीच्या पश्चिम किनाऱ्यावरची पहिली’. उलट १९४७ पूर्वीच्या कागदात ‘इंडिया’ म्हटलेलं ठिकाण कराची किंवा मेरगुई निघू शकतं, आणि मग ती नोंद आज पाकिस्तानची किंवा म्यानमारची.

डीएनए: सीओआय जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा, १९९४ चे फोल्मर प्रायमर (तो तुकडा उचलायला वापरायचे डीएनएचे छोटे धागे). न लागल्यास १६एस हे दुसरं जनुक. आलेली क्रमवारी आधी अपृष्ठवंशी मायटोकाँड्रियाच्या संकेताने (तक्ता क्रमांक ५) अमिनो आम्लांत बदलून बघा. मध्येच थांबा-संकेत आला तर ती खोटी प्रत किंवा वाचनाची चूक. जेनबँकमध्ये (क्रमवारींच्या सार्वजनिक साठ्यात) ९९ टक्के जुळलं म्हणून नाचू नका. जुळलेल्या क्रमवारीचा नमुना कुठल्या संग्रहालयात आहे, मूळ वर्णनाच्या ठिकाणाजवळचा आहे का, आणि त्याचं नाव कुणी ठरवलं, हे बघा. चुकीच्या नावाने टाकलेल्या एका क्रमवारीला पुढच्या दहा जुळतात आणि दहाही चुकीच्या. ‘दोन-तीन टक्के फरक म्हणजे वेगळी प्रजाती’ हा ठोकताळा आहे, काही गटांत सपशेल पडतो.

लेबलकाका

रॅड्युला राहिला. जिभेवरची ही दातांची पट्टी बघायला तोंडाचा स्नायुगोळा काढून १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये काही तास, फार तर रात्रभर. मांस विरघळतं, दात राहतात. डिस्टिल्ड पाण्यात तीनदा धुऊन स्लाइडवर, शक्य असल्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. गरम करून घाई केली तर लहान दात विरतात. सूत्र असं लिहितात: २२ × ०.१.०, म्हणजे २२ ओळी, प्रत्येक ओळीत मधला एक दात, बाजूला काही नाही. क्रॅटेनाच्या कुळात असंच असतं. जुन्या दातांच्या ओळी झिजलेल्या असतात, वर्णन मधल्या ओळींवरून करा. आणि जीवाची लांबी सूत्राशेजारी लिहा, कारण वाढीबरोबर ओळी वाढतात.

माखली

इथेच एक चोरी नेहमी दिसते. मूळ वर्णनातलं रॅड्युला सूत्र जसंच्या तसं उतरवलेलं, नमुना कापलेलाच नाही. वर्णन हातातल्या नमुन्यावरून लिहायचं. तुमचे आकडे मूळ वर्णनाशी थोडे वेगळे आले तर घाबरू नका, ‘टिप्पणी’त तो फरक मांडा. परीक्षक टिप्पणी सगळ्यात आधी वाचतो. तिथे जवळच्या प्रत्येक भावंडाचं नाव घेऊन ते हे का नाही, कोणत्या एका खुणेवरून, हे यायला हवं. ‘इतर प्रजातींपेक्षा स्पष्ट वेगळी’ या वाक्याला शून्य किंमत आहे. बाकीचा क्रम ठरलेला: समनामांची यादी, तपासलेले नमुने संग्रह क्रमांकासह, वर्णन, जिवंत रंग, अधिवास, प्रसार, टिप्पणी.

गुहागरकर

आणि तुलना करता करता कुठल्याच नावात बसलं नाही तर?

खडपी

तर पहिली नोंद सोडा, नवी प्रजाती असू शकते, आणि नियम बदलतात. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नाव नवं आहे असं स्पष्ट म्हणायचं, वेगळेपण शब्दांत द्यायचं, होलोटाइप (नाव ज्याच्याशी कायमचं बांधलं जातं तो एक नमुना) नेमून तो कुठल्या संग्रहात आहे ते सांगायचं. फक्त ऑनलाइन निघणारं नियतकालिक असेल तर २०१२ च्या दुरुस्तीनुसार झूबँकची (प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीतली) नोंदणी आधी हवी आणि तसं त्या लेखातच लिहिलेलं हवं. फेसबुकवर टाकलेलं नाव वैध ठरत नाही.

नावाची शेपटं जपा. ठिकाणावरून ‘-एन्सिस’, वंश नपुंसकलिंगी असेल तर ‘-एन्से’. एका बाईच्या सन्मानार्थ ‘-ए’, एका पुरुषाच्या ‘-इ’, अनेकांच्या (त्यात पुरुष असेल तर) ‘-ओरम’. २०२० मध्ये पश्चिम भारतातून क्रॅटेनाच्या दोन नव्या प्रजाती आल्या: पोशित्रा (कच्छच्या आखातातलं गाव, नाव जसंच्या तसं) आणि पवारशिंदेओरम. दोन्ही पद्धती एकाच लेखात बघायला मिळतात.

कायद्याचंही इथेच. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, २९.१२ चौरस किलोमीटर. त्यात काहीही उचलायला वन विभागाची आगाऊ लेखी परवानगी लागते, मेलेला शिंपलाही त्यात आला. प्रवाळ, सी फॅन, समुद्रकाकडी, समुद्रघोडे हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहेत, ते अभयारण्याबाहेरही नाही. तुमची सी स्लग प्रवाळावर बसली असेल तर खाद्याचा तुकडा नको, फक्त फोटो. २००२ च्या जैविक विविधता कायद्याचं कलम ३९ सांगतं की नवी प्रजाती सापडली तर नियुक्त भांडाराला कळवून नमुना जमा करायचा. आपल्याला सोयीचं झेडएसआयचं पुण्यातलं पश्चिम प्रादेशिक केंद्र, सागरी जीवांसाठी गोव्याची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) सुद्धा. परदेशी तज्ज्ञाला नमुना पाठवायचा तर आधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम वाचा. पाकिटात घालून पोस्टाने पाठवायचे दिवस गेले.

कुर्ली

संग्रह क्रमांक पेपर पाठवण्याआधी हातात हवा. ‘क्रमांक नंतर कळवू’ लिहिलं की बहुतेक संपादक परत पाठवतात. जमा करायला जाताना नमुन्याबरोबर लेबलची प्रत, फोटो, परवानगीपत्राची प्रत आणि क्षेत्रवहीच्या पानाची झेरॉक्स न्या. होलोटाइप आणि बाकीचे वेगळ्या बाटल्यांत, एकत्र नाही.

वेंगुर्ल्याचो_बाबलो

आणि बाटलेची झाकणा? माज्याकडे लोणच्याचे बाटले आसत.

लेबलकाका

काच चालेल, झाकण नाही. पत्र्याचं झाकण खाऱ्या हवेत गंजतं आणि गंज नमुन्यावर उतरतो. पॉलिप्रोपिलीनचं घट्ट झाकण घ्या. अल्कोहोल काठोकाठ नको, बोटभर जागा ठेवा. दर सहा महिन्यांनी पातळी बघायची आणि कमी झाली तर त्याच तीव्रतेचं भरायचं. पाण्याआधी अल्कोहोल उडतं, म्हणून फार कमी झालेल्या बाटलीतलं सगळं ओतून नवीन भरा.